साखराबाईनं न घेतलेली नावं

पडदा वर जातो. सकाळची वेळ. भोकर तालुक्यातलं एक लहानसं गाव, त्यातलं शेवटून तिसरं घर. पत्र्याचं छप्पर, पुढं सारवलेली ओसरी. डाव्या हाताला कडुलिंबाचं थोरलं झाड, त्याची सावली निम्म्या ओसरीवर येऊन थांबलेली. मधोमध पोतं अंथरून एक म्हातारी तुरीच्या हिरव्या शेंगा सोलते आहे. अंगानं चिपाड, पण बसणं असं की ओसरी तिची, अंगण तिचं आणि समोरचा रस्ताही तिच्याच परवानगीनं चाललेला. उंबऱ्यावर तिची सून, हातात मोबाइल. पडदा पुरता वर जाण्याआधीच म्हातारीचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचलेला आहे.

“परत वाच!”

“मामी, तिसऱ्यांदा वाचून राहिले मी.”

“मग चौथ्यांदा वाच. शाळा शिकलीस ना? मला एकदा तरी कळू दे त्यानं काय लिवलंय ते.”

सुनेचं नाव उज्वला. गावातल्या अंगणवाडीची सेविका. लेकरांना गोष्टी वाचून दाखवायची सवय, त्यामुळं तिचं वाचणं स्वच्छ. सासूला ती मामी म्हणे. तिनं घसा साफ केला.

“‘निजल्या. पुल्लिंगी. मूळ संस्कृत निर्जल. ज्याच्यातील ओलावा निघून गेला आहे असा पुरुष. कवीने घडवलेला शब्द.’”

“पुरुष!” साखराबाईनं शेंग अशी पिळली की दाणे अंगणात उडाले. “अगं कसला पुरुष? रस्त्यात पडलेलं असतंय ना, ठेच लागती ते. बांधावर रचतेत ते. त्याला म्हणत व्हते मी निजल्या. निजलेलंच असतंय ना ते? बैल वरून गेला तरी उठंना, पाऊस आला तरी उठंना.”

“म्हणजे दगड?”

म्हातारीनं सुनेकडं असं बघितलं, जणू तिनं भर ओसरीत शिवी हासडली.

“तेच,” ती म्हणाली आणि मान फिरवली.

ही साखराबाई जोगदंड, वय अठ्ठ्याहत्तर. कवी दयानंद जोगदंडांची थोरली भावजय. दयानंदांना जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांनी मुरुडला शाळेत मास्तरकी केली, लग्न केलं नाही, कवितांची तीन पुस्तकं मात्र केली. त्यातलं ‘कडूमाय’ गाजलं. लातूर-नांदेडकडं ज्याला कवितेच्या चार ओळी पाठ, त्याला त्यातल्या दोन दयानंदांच्या पाठ. आता लातूरच्या मंडळींनी त्यांची सगळी कविता एका जाड पुस्तकात आणायचं ठरवलं होतं आणि शेवटी एक शब्दकोश जोडला होता. कवीचे शब्द, त्यांचे अर्थ, त्यांचं मूळ. तो रचला होता शिवमूर्ती सरांनी, कॉलेजातून निवृत्त झालेल्या मराठीच्या प्राध्यापकांनी. कच्ची पानं त्यांनी वारसाला, म्हणजे साखराबाईचा मुलगा वैजनाथ याला मोबाइलवर पाठवली होती. खाली एक ओळ होती. काही हरकत असल्यास बुधवारपर्यंत कळवावे, गुरुवारी छपाई सुरू होईल.

वैजनाथनं ते न वाचताच ‘ठीक आहे सर’ कळवून टाकलं आणि तो रानात निघून गेला. आज मंगळवार होता.

“पुढचं वाच.”

“‘दुधाडं. मूळ दुधाळ. गोधनाची समृद्धी, घरातील दूधदुभते.’”

“गोधन! एक म्हैस व्हती आमच्याकडं, ती बी आटलेली. पुढं.”

“‘आंबटराव. गावातील सत्ताधीश पाटलाचे व्यंगचित्र.’”

यावर मात्र साखराबाईलाही हसू आलं. आंबटराव म्हणजे लिंबू. नुसतं लिंबू, जेवताना पानात पिळायचं. पण हसू ओठापर्यंत येऊन परत गेलं, कारण उज्वलानं पुढचा शब्द वाचला होता.

“‘कडूमाय. स्त्रीलिंगी. दुष्काळाची ग्रामदेवता. कवीच्या गावी तिचे ठाणे असावे. देवतेला हे नाव देण्यात कवीची प्रतिभा दिसते.’”

दोन वर्षांमागं नांदेडहून कॉलेजची दोन पोरं या देवीचं ठाणं शोधत आली होती. साखराबाई तेव्हा याच ओसरीत बसलेली. “आजी, कडूमाय कुठं आहे?” त्यांनी विचारलं. तिनं वर, झाडाकडं बोट केलं. पोरांनी वर बघितलं, फांद्यांतून आभाळ दिसलं, त्यांनी वहीत ‘आकाशदेवता’ असं लिहून घेतलं आणि तिच्या पाया पडून गेली. झाडाचं नाव तिनं सांगितलं नाही. पासष्ट वर्षांत तिनं ते एकदाही घेतलेलं नव्हतं.

आता ते का, हे सांगायला थोडं मागं जायला हवं.

साखराबाई या घरात आली तेव्हा तेरा वर्षांची होती. माहेर मुरुडकडचं. लुगडं अंगापेक्षा मोठं, डोळे लुगड्यापेक्षा मोठे. घरात सासरा धोंडिबा आणि त्याचा भाऊ दगडूबा. आधीची लेकरं जगली नव्हती म्हणून त्यांच्या आईनं दोघांना ही नावं ठेवली होती, यमाला उचलून न्यावीशी वाटू नयेत अशी. सासू चांदाबाई. नवरा लिंबाजी.

सुनेनं वडीलधाऱ्यांचं नाव घ्यायचं नाही, नवऱ्याचं तर उखाण्यातच घ्यायचं, ही रीत साऱ्या मुलखाची. चांदाबाईच्या घरात ती एक पाऊल पुढं होती. नावासारखा शब्दही जिभेवर आणायचा नाही. दुसऱ्या कुणा घरात हे निभलं असतं. पांडुरंग किंवा भुजंग नावाचा सासरा असता तर दिवसभरात अडतंय कुठं? पण इथं सासऱ्यानं धोंडा नेला आणि चुलत सासऱ्यानं दगड. दोघा भावांनी मिळून पोरीच्या वाट्याला दुसरा शब्दच ठेवला नाही. सासूनं आभाळातला चांद नेला आणि अंगणात पडणारं चांदणंही नेलं. नवऱ्यानं दारातलं झाड नेलं, वर ताटातलं लिंबूही नेलं.

पहिल्याच महिन्यात ती घसरली. जेवणं झाल्यावर अंगणात भांडी घासता घासता वर बघून म्हणाली, “काय टिपूर चांदणं पडलंय, बया!” चांदाबाई चुलीपाशी गेली, राखेची चिमूट घेऊन आली आणि सुनेच्या जिभेवर ठेवली. “गिळ,” म्हणाली. “दुसऱ्यांदा विस्तव असंल.”

पोरीनं राख गिळली. बोलणं मात्र सोडलं नाही. बोलल्याशिवाय जगणारी ती नव्हती. तिनं शब्द बदलले. चांदण्याचं दुधाडं झालं, दगडाचा निजल्या झाला. दारच्या झाडाची कडूमाय झाली, कारण पाला कडू आणि सावली आईची. कुणी शिकवलं नाही, कुणाला विचारलं नाही. ओठाशी आलेला शब्द आत ढकलायचा आणि त्या जागी दुसरा काढायचा. मध्ये जितका वेळ मिळे तितक्यात. उशीर झाला तर चुलीत राख तयार होतीच.

त्या घरात मोकळ्या तोंडानं हाक मारावी असा एकच जीव होता. धाकटा दीर, चार वर्षांचा दयानंद. धाकट्याचं नाव घ्यायला मनाई नव्हती. “दया, ये. दया, जेव. दया, नाक पूस.” दिवसातून शंभर वेळा ती ते नाव घेई. तहानलेला माणूस पाणी पिताना कसा घटाघटा पितो, तसं. दया तिच्याच मागं मागं हिंडला, तिच्याच भाषेत बोलायला लागला. पहिलीत मास्तरांनी हातात दगड धरून विचारलं, हे काय? पोरगं म्हणालं, निजल्या. मास्तरांनी छडी दिली. दया रडत घरी आला. “वैनी, त्याचं खरं नाव काय गं?”

तिला सांगता आलं नाही. “तुझ्या मायला विचार,” म्हणाली.

पुढं दया शिकला, मास्तर झाला. सुट्टीला आला की चुलीपाशी बसून वहीत काहीबाही लिही. तिला वाटे, पोरांच्या वह्या तपासतोय. मग एका दुपारी शेजारच्या रेडिओवर दयाचा आवाज आला आणि त्या आवाजात ‘कडूमाय’ ऐकू आली. साखराबाई खुरपं टाकून उठली आणि तोंडावर पदर घेतला. आपण चोरून पुरलेलं कुणीतरी भर चौकात उकरून ठेवावं, असं तिला झालं. चांदाबाई तेव्हा हयात होती. तिला काही कळलं नाही. पोरगा रेडिओवर बोलला म्हणून तिनं गावात गूळ वाटला.

दया आला तेव्हा साखराबाईनं विचारलं, “माझे शब्द कामून सांगितलेस रे?”

“वैनी, किती गोड शब्द हायेत ते! मी सांगणार हाय ना एक दिवस, कुणाचे हायेत ते.”

तो एक दिवस काही आला नाही. उलट एकदा मोठ्या सभेत कुणी विचारलं की एवढे नवे शब्द तुम्हाला सुचतात कुठून, तर दयानंद म्हणाले, “माझ्या मातीतून.” टाळ्या पडल्या. हे वैजनाथनं घरी येऊन कौतुकानं सांगितलं. साखराबाई भाकरी थापत होती. हात थांबला.

“मातीतून म्हनला? मी माती हाय का?”

तिनं दयानंदाशी दोन महिने बोलणं टाकलं. पण खरं सांगायचं तर तिला त्याचं कारणही ठाऊक होतं. शब्दांचं मूळ सांगायचं म्हणजे राखेची चिमूट सांगायची. राख सांगायची म्हणजे आई सांगायची. लेकराच्या तोंडून ते निघालं नाही. या घरात प्रत्येकाच्या गळ्यात कुठला ना कुठला शब्द अडकलेलाच होता. तिनं त्याला माफ केलं, शेवटच्या आजारात त्याचं सगळं केलं. पण माफ केलेला राग काही वाऱ्यावर उडून जात नाही. तो घडी करून ठेवलेला असतो. आज उज्वलानं ती घडी उघडली होती.

“किती शब्दांपुढं लिवलंय, कवीनं घडवला म्हणून?”

उज्वलानं बोट सरकवत मोजलं. “चौतीस.”

“माझे किती त्यातले?”

उज्वला एकेक वाचत गेली, म्हातारी मान हलवत गेली. कधी हाव, कधी न्हाई. दयाचे स्वतःचे असतील ते तिनं दयालाच ठेवले, त्यात खोट केली नाही. शेवटी एकोणतीस भरले.

“मामी, मी फोन लावते सरांना.”

“फोनवर न्हाई. मला त्याचं तोंड बघायचंय. लातूरची गाडी कवा हाय?”

“उद्याची सकाळची. पण यायला जायला अख्खा दिवस जाईल. तुमचे गुडघे…”

“गुडघे छापणारेत का ते? शब्द छापणारेत. गुरवारी छापलं की झालं. मी उद्या मेले की मग सगळ्या जगासाठी ते तसंच.” तिनं सोललेले दाणे सुपात ओतले. “आन् वैजनाथला सांग, न वाचता ठीक हाय म्हणायची त्याची अक्कल घरीच ठेवून ये म्हणावं.”

“त्याला आणायचंच कशाला? आपण दोघीच जाऊ.”

उज्वला नवऱ्याला सरळ नावानं हाक मारी. लग्नानंतरच्या दुसऱ्याच दिवशी तिनं ओसरीतून हाक दिली होती, “वैजनाथ, पाण्याची घागर उचल की!” बाया थबकल्या, साऱ्यांनी सासूकडं बघितलं. साखराबाई म्हणाली होती, “ऐकू येईना का रे? उचल की.” त्या दिवसापासून सासूसुनांचं जमलं ते जमलंच.

बुधवारी दोघी भोकरहून नांदेडला आणि नांदेडहून एसटीनं लातूरला आल्या. साखराबाई खिडकीशी ताठ बसून होती, वाटेत पाणीसुद्धा प्यायली नाही. राग धरून बसलेल्या माणसाला तहान लागत नाही. लातूरला उतरल्यावर रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं, “आजी, नातीच्या क्लासला आलाव का?” लातूरला बाहेरगावचा माणूस आला की तो क्लाससाठीच, असं त्याचं गणित.

“न्हाई,” साखराबाई म्हणाली. “मास्तरचीच शिकवणी घ्यायला आले.”

शिवमूर्ती सरांचं घर जुन्या डाळमिलच्या मागं. माणूस मोठा सज्जन. कपाळावर भस्म, अंगात पांढरा सदरा, खोलीत चारी भिंतींना पुस्तकं. कवीची भावजय आली म्हटल्यावर ते चपला न घालताच फाटकापर्यंत धावले. “अक्का, या, या! केवढं भाग्य! कमलम्मा, कोण आलंय बघा!”

त्यांच्या पत्नी कमलम्मा उदगीरकडच्या. त्यांनी पाणी आणलं. साखराबाईनं तांब्याला हात लावला नाही, खुर्चीवर बसलीही नाही. उभ्यानंच बोलायला लागली आणि पाऊण तास बोलली. राखेपासून रेडिओपर्यंत. मध्ये उज्वला मोबाइलवरची पानं दाखवत होती. सरांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. अडीच वर्षं त्यांनी हा कोश केला होता. सतरा कोश उघडून, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर भिंगातून बघत.

“अक्का,” ते शेवटी म्हणाले, “नाव टाळायची रीत मला ठाऊक आहे. पण एक-दोन शब्द टाळणं वेगळं. अख्खी शब्दसंपत्ती यातून तयार होते, असं मी कुठं वाचलेलं नाही.”

“वाचलेलं न्हाई!” साखराबाई कडाडली. “अहो सर, मी लिवलं असतं तर तुम्ही वाचलं असतं. मला लिवता येतंय का?”

दाराशी उभ्या असलेल्या कमलम्मा फिसकन हसल्या.

“तुम्हाला काय झालं?” सर चिडले.

“अहो, पंचेचाळीस वर्षं संसार झाला आपला. दरसाल चतुर्थीला मी तुमच्या शेजारी उभी राहून गणपती घेते. दुकानदाराला काय म्हणते मी?”

“काय म्हणता? ‘तो बसलेला द्या, तो उभा नको,’ असं म्हणता.”

“का म्हणते?”

सरांचं नाव शिवमूर्ती. दुकानात मांडलेल्या असतात त्या मूर्ती. बायको तो शब्द पंचेचाळीस वर्षं ओलांडून जात होती आणि शब्दांचा हा एवढा मोठा शोधक तिच्या शेजारी पिशवी धरून उभा होता.

“मला वाटायचं, तुम्हाला बसलेलाच आवडतो,” ते पुटपुटले.

“आवडतो कसला! दुकानदार चिडवतो मला, यंदा पण बसलेलाच का काकू म्हणून.” आणि कमलम्मा साखराबाईकडं वळल्या. “अक्का, बसा तुम्ही. पाणी प्या. यांना आता जरा उभं राहू द्या.”

साखराबाई बसली. पाणी मात्र तसंच राहिलं. तिला अजून काही मिळालं नव्हतं.

सर खरोखरच उभे राहिले होते. टेबलाला टेकून त्यांनी पानं पुढं ओढली. मग म्हणाले, “माझी चूक झाली, अक्का. मी कवीच्या गावी यायला हवं होतं. पण माझा एक नियम आहे, तो मी मोडू शकत नाही. मागं एका कोशात मी ऐकीव मूळ छापलं, ते खोटं निघालं. त्याचा आळ ज्याच्या नावावर ते छापलं त्या गरीब माणसावर आला. तेव्हापासून ज्याचा शब्द, त्याच्याच तोंडून घ्यायचा, आवाज नोंदवून. कुठला शब्द टाळला आणि कुणाच्या नावामुळं टाळला, हे तुम्ही स्वतः सांगा. आज सांगितलंत तर आज बदलतो. प्रेसला मी रात्रीपर्यंत थांबवतो.”

त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला. पडद्यावर लाल ठिपका लुकलुकायला लागला.

हे साखराबाईच्या ध्यानात आलंच नव्हतं. शब्द परत मिळवायचे तर ज्यांच्यामुळं ते करावे लागले ती नावं घ्यावी लागणार. आधारकार्डाच्या खिडकीत नवऱ्याचं नाव विचारलं तेव्हा तिनं वैजनाथला पुढं ढकललं होतं. दवाखान्यात, बँकेत, मतदानाला, सगळीकडं कुणीतरी पुढं होतं. नवरा जाऊन बावीस वर्षं झाली, सासू जाऊन तीस. मेलेल्यांना ऐकू येत नाही, हे तिला कळत होतं. जिभेला कळत नव्हतं.

ती बोलायला गेली. ओठ हलले. आवाज नाही.

“मामी, राहू द्या,” उज्वला हळूच म्हणाली. “सर, मी सांगते. मी घरचीच हाय ना? लिहून घ्या. मामींचे सासरे धों…”

साखराबाईचा हात असा उठला की तो तिचा तिलाही दिसला नाही. उज्वलाच्या तोंडावर तो फाटकन बसला. ओठ दाताला लागला. रक्ताचा एक बारीक ठिपका उमटला.

उज्वला रडली नाही, ओरडली नाही. तिनं फक्त सासूकडं बघितलं. त्या नजरेत राग कमी होता आणि ओळख जास्त. जणू आजवर ऐकलेल्या गोष्टीतली बाई तिला पहिल्यांदा समोर दिसत होती.

साखराबाईनं स्वतःच्या हाताकडं बघितलं. बोटं तुरीच्या शेंगांनी अजून हिरवटकाळी होती. अशीच बोटं चुलीतून चिमूट घेऊन आली होती. चांदाबाई मेली, तिला जाळलं, तिसऱ्या दिवशी राख सावडली. पण हात तेवढा मागं राहिला होता, आणि तो कुठं राहिला होता, ते आज कळलं.

“उजू,” ती म्हणाली. आवाज फुटका होता. “लागलं का गं?”

“लागलं तर,” उज्वला म्हणाली. “आन् तुमच्यापाशी शब्द असतील ना मामी, तर ते तोंडातून काढा. हातातून न्हाई.”

कमलम्मांनी ओला कपडा आणला. सर मोबाइल बंद करायला पुढं झाले.

“ऱ्हाऊ द्या तो,” साखराबाई म्हणाली.

ती उठली. गुडघे कुरकुरले, तिनं टेबल धरलं. मग धरलेला हात सोडला आणि पदर खांद्यावर घट्ट ओढून अशी उभी राहिली की त्या पुस्तकांनी भरलेल्या खोलीत तेवढी तीच दिसत होती. राग आता सरांवर नव्हता, दयावर नव्हता. तो जिथून निघाला होता तिथंच परत चालला होता.

“धोंडिबा,” ती म्हणाली.

एवढंच म्हणून थांबली, काही होतंय का ते बघत. काही झालं नाही. बाहेर रस्त्यावरून रिक्षा गेली.

“धोंडिबा माझा सासरा. दगडूबा माझा चुलत सासरा. म्हणून निजल्या.” आवाज वाढत गेला. “चांदाबाई. चांदाबाई माझी सासू. म्हणून दुधाडं. हिच्या मारे मी चांदणं बघितलं, पण चांदणं म्हणाले न्हाई. चांदणं, चांदणं, चांदणं! झालं?” तिनं एक श्वास घेतला. शेवटचं नाव घेताना तिनं डोळे मिटले, आणि रागाच्या मधोमध एक क्षणभर ती आवाज खाली आणून बोलली, झोपलेल्या माणसाशी बोलावं तशी. “लिंबाजी. माझा मालक. त्यो काई वाईट नव्हता. पर त्यो कधी म्हनला बी न्हाई, घे गं माझं नाव म्हणून. त्याच्यामुळं कडूमाय. लिंब हाय ती सर, आमच्या दारचा लिंब. देवी बिवी न्हाई.”

सरांनी लाल पेन काढला. खुर्चीत न बसता, वाकून, त्यांनी कडूमायच्या ओळीवर काट मारली, मग निजल्याच्या. एकोणतीस शब्दांवरून पेन फिरायला वेळ लागला. कुणी घाई केली नाही. उज्वला ओठाला कपडा धरून उभी होती, दुसऱ्या हातानं तिनं सासूचा दंड धरला होता.

“अक्का,” सर मान वर न करता म्हणाले, “मूळ म्हणून काय लिहू? ‘साखराबाई जोगदंड यांनी घडवलेला शब्द’ असं लिहितो. तुमची प्रतिभा…”

“प्रतिभा न्हाई!” साखराबाई म्हणाली. “घडवला बी लिवू नका. तेरा वर्षांची पोरगी भ्याली, म्हणून झाला, असं लिवा. आन् त्या पोरीचं नाव लिवा. तिचं नाव घ्यायला कुणाला बंदी नव्हती, तरी कुणी घेतलं न्हाई.”